तपासल्याबिना 'बिना' नको



हल्ली आपल्या घरोघरी एक नवा शब्द कानावर पडतो. नातवंडे शाळेतून येतात, मोबाईलमध्ये काहीतरी विचारतात आणि म्हणतात, "बिना मलाखुतीतने सांगितलं." हिब्रूत 'बिना' म्हणजे समज, आणि 'मलाखुतीत' म्हणजे कृत्रिम. म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, जिला सारे जग एआय म्हणते. आमच्या पिढीच्या कानाला मात्र 'बिना' म्हटले की आधी मराठीच आठवते: बिना मिठाचे कालवण, बिना साखरेचा चहा. एका भाषेत समज आणि दुसऱ्या भाषेत उणीव, असा हा शब्द. आजच्या लेखाचा विषयही नेमका तसाच आहे. हे यंत्र हुशार आहे, पण त्याच्या कामात काहीतरी कमी राहते. काय कमी राहते आणि ते कोणी पाहायचे, हे आम्हाला आपल्यापुढे मांडायचे आहे.

आम्ही काही निवृत्त परिचारिका आहोत. भारतात शाळा शिकून इकडे आलो, रुग्णालयांत पाळ्या केल्या, आता सत्तरी ओलांडली. संगणक हा आमचा धंदा नाही. पण औषध देण्याआधी तपासणे हा आमचा जन्मभराचा धंदा होता, आणि आज संगणकाचे जाणकार यंत्राने लिहिलेल्या कामाबद्दल जे सांगत आहेत ते आम्हाला अगदी ओळखीचे वाटते.

यंत्र प्रोग्राम लिहिते म्हणजे काय?

आपण कुपात होलीमची वेळ घेतो, बँकेची शिल्लक पाहतो, बसचे वेळापत्रक बघतो, ते सारे वेबसाईटवर किंवा ॲपमध्ये. पडद्यावर दिसणाऱ्या बटणांच्या मागे संगणकाला दिलेल्या हजारो सूचना असतात. त्या सूचनांना कोड म्हणतात. पूर्वी हा कोड माणूस ओळीने लिहीत असे. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट नावाचा मदतनीस आला, तो अर्धी ओळ लिहिली की पुढची सुचवू लागला. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आले. त्यानंतर साध्या भाषेत "मला अशी वेबसाईट हवी" असे सांगितले की यंत्रच पूर्ण कोड लिहून देऊ लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कारपथी या नामवंत संगणकतज्ज्ञाने या पद्धतीला 'व्हाइब कोडिंग' असे नाव दिले. म्हणजे यंत्राशी बोलत राहायचे, ते देईल तो कोड न वाचता घ्यायचा, आणि चालले की झाले. त्यांनी ते सुट्टीच्या दिवशी हौसेने करून टाकून देण्याच्या कामांबद्दल म्हटले होते. लोकांनी मात्र ती पद्धत दुकाने, दवाखाने आणि संस्थांच्या कामांत आणली.

हे यंत्र शिकते कसे? लोकांनी इंटरनेटवर ठेवलेला अफाट कोड त्याला दाखवला जातो. त्यावरून 'याच्या पुढे बहुधा काय येते' याचा अंदाज ते बांधते. त्या ढिगात चांगला कोड आहे, तसा जुना, घाईतला, अर्धवट कोडही आहे. हजारो डॉक्टरांच्या चिठ्ठ्या पाठ केलेला, पण रुग्ण कधी न पाहिलेला विद्यार्थी कल्पना करा. अक्षर सुंदर, भाषा डॉक्टरी, चिठ्ठी अगदी खरी वाटणारी. समोरच्या रुग्णाला मधुमेह आहे की नाही हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नाही.

दिसतं तसं नसतं

ही नुसती म्हातारपणाची शंका नाही, बरं का. जाणकारांनी मोजून पाहिले आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये कोपायलटला ८९ निरनिराळ्या परिस्थिती दिल्या. त्यातून १,६८९ प्रोग्राम तयार झाले. तपासल्यावर त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांत चोराला आत शिरता येईल अशी खोट सापडली.

पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी माणसांकडे पाहिले. काही जणांना एआयची मदत दिली, काहींना दिली नाही. मदत घेणाऱ्यांचा कोड कमी सुरक्षित निघाला, आणि तरीही आपला कोड सुरक्षित आहे असे त्यांनाच जास्त वाटत होते. आम्हाला आकड्यांपेक्षा हीच गोष्ट जास्त बोचली. वॉर्डात घाबरलेल्या नवख्या नर्सची भीती वाटत नाही, ती दहादा विचारते. भीती वाटते ती खात्रीने चुकणाऱ्याची.

"ती जुनी यंत्रे होती, आता सुधारली असतील," असे कोणी म्हणेल. २०२५ मध्ये व्हेराकोड या सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीने शंभराहून अधिक एआय प्रणालींना ८० कामे दिली. मिळालेल्या कोडपैकी ४५ टक्के कोड सुरक्षेच्या परीक्षेत नापास झाला. बिनचूक चालणारा कोड लिहिण्यात नव्या प्रणाली पुष्कळ पुढे गेल्या आहेत, पण सुरक्षित कोड लिहिण्यात तशी प्रगती दिसली नाही, असेही त्यात आढळले. चालणे वेगळे आणि सुरक्षित असणे वेगळे. घराचे दार छान उघडते आणि मिटते, एवढ्यावरून त्याला कुलूप आहे असे ठरत नाही.

खोट असते तरी कुठे?

नेहमी सापडणाऱ्या खोटी फार नाहीत. चार आपण समजून घेऊ. मुलांनो, तुम्हीही वाचा, कारण तुमच्यातले काही जण उद्या हेच काम करणार आहात.

पहिली खोट, किल्ली पायपुसण्याखाली. वेबसाईटच्या आतल्या कपाटाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, कोडमध्येच लिहून ठेवलेला असतो. आणि वेबसाईटचा बराचसा कोड कोणालाही ब्राउझरमध्ये उघडून वाचता येतो. यासारखीच एक गोष्ट आपल्याच देशात घडली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, 'इलेक्टर' या नावाचे एक ॲप प्रचारासाठी वापरले जात होते. रान बार-झिक या प्रोग्रामर पत्रकाराने हाआरेत्झ वृत्तपत्रातून दाखवून दिले की त्या वेबसाईटचा कोड नुसता उघडून वाचला तरी एक दुवा सापडतो, आणि त्या दुव्यावर व्यवस्थापकांची नावे व पासवर्ड उघडेच पडलेले आहेत. त्यामागे इस्रायलमधल्या सर्व मतदारांची यादी होती: चौसष्ट लाखांहून जास्त माणसांची नावे, पत्ते आणि ओळखपत्राचे क्रमांक. आपण तेव्हा मतदार असाल, तर त्या यादीत आपलेही नाव होते. ते काम एआयच्या लाटेच्या आधीचे. म्हणजे ही खोट यंत्राने शोधून काढलेली नाही. माणसाची जुनी खोड ते आता वेगाने गिरवते, इतकेच.

दुसरी खोट, एकाच्या चिठ्ठीवर दुसऱ्याची फाईल. आपण आपल्या पासवर्डने आत गेलो. वर पत्त्याच्या पट्टीत आपला क्रमांक १४ दिसतो. कोणी सहज १४ चे १५ केले, तर शेजाऱ्याची माहिती उघडता कामा नये. पण 'हा माणूस कोण' एवढेच विचारून 'याला हे पाहण्याचा हक्क आहे का' हे विचारायला कोड विसरला, तर ती उघडते. मे २०२५ मध्ये उघड झालेले एक प्रकरण याच जातीचे होते. लव्हेबल नावाच्या सेवेत बोलून वेबसाईट बनवता येते. तिथे बनलेल्या १,६४५ वेब ॲप्सची पाहणी झाली, तेव्हा १७० ॲप्समध्ये माहितीच्या कपाटाला हक्क पाहणारे कुलूपच धड लावलेले नव्हते. बाहेरच्या कोणालाही लोकांची नावे, ईमेल आणि इतर खासगी माहिती वाचता येत होती. ती ॲप्स चालत होती, दिसायलाही छान होती.

तिसरी खोट, माहितीच्या जागी हुकूम. फॉर्ममध्ये 'नाव' असा रकाना असतो. तिथे आपण नाव लिहितो. लबाड माणूस तिथे संगणकाला समजेल अशी आज्ञा लिहितो: 'सगळी यादी दाखव' किंवा 'सगळी यादी पुसून टाक'. कोड कच्चा असेल तर तो ते नाव समजत नाही, आज्ञा समजून पाळतो. केसपेपरवर रुग्णाच्या नावाच्या जागी कोणी 'दुप्पट इंजेक्शन द्या' असे लिहिले आणि नर्सने ते खरेच दिले, असा हा प्रकार. उपाय फार वर्षांपासून ठाऊक आहे: माहिती वेगळ्या वाटेने आणि हुकूम वेगळ्या वाटेने न्यायचा, दोन्ही कधी मिसळायचे नाहीत. यंत्रालाही तो येतो. पण मागितल्याशिवाय तो दरवेळी वापरेलच, असे नाही.

चौथी खोट एआयची खास स्वतःची आहे, नसलेल्या औषधाचे नाव. प्रोग्रामर सगळे काही स्वतः लिहीत नाहीत. इतरांनी तयार ठेवलेले भाग घेऊन जोडतात, जसे आपण तयार मसाला आणतो. एआय कधीकधी अशा भागाचे नाव सांगते जो जगात नाहीच. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ एआय प्रणालींकडून ५,७६,००० कोडचे नमुने लिहून घेतले. त्यांत सुचवलेल्या भागांपैकी जवळजवळ २० टक्के भाग अस्तित्वातच नव्हते, आणि अशी दोन लाखांहून अधिक खोटी नावे निघाली. नुसते नाव खोटे असते तर काम अडले असते, एवढेच. पण लबाड माणसे तेच नाव देऊन त्यात विष भरलेला भाग तयार करून ठेवू शकतात. मग न तपासता जोडणाऱ्याच्या घरात चोर आपल्याच पायांनी येतो.

या सगळ्याने बिघडते काय?

कोणी विचारील, माझे नाव आणि फोन नंबर कोणाला कळला तर काय होणार? माझ्याकडे चोरण्यासारखे आहे काय? आहे, मंडळी. एकट्या राहणाऱ्या बाईला फोन येतो. बोलणाऱ्याला तिचे पूर्ण नाव ठाऊक आहे, तेउदात झेहूतचा क्रमांक ठाऊक आहे, रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे तेही ठाऊक आहे. तो म्हणतो, "मी कुपात होलीममधून बोलतोय." ती विश्वास ठेवणार नाही तर काय करील? विश्वास पानिपतात गेला असे आपण मराठीत हसून म्हणतो, पण म्हातारपणी माणूस विश्वासावरच जगतो. फसवणारा नेमका त्यावर घाव घालतो.

आणि रुग्णालयाचे संगणक बंद पडले तर काय होते तेही या देशाने पाहिले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये हदेरा येथील हिलेल याफे रुग्णालयावर खंडणीखोरांनी संगणकी हल्ला केला. तिथल्या लोकांना कागद-पेन घेऊन काम चालवावे लागले आणि तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो हल्ला एआयच्या कोडमुळे झाला असे आम्हाला म्हणायचे नाही. सुरक्षेतली एक फट शेवटी रुग्णाच्या पलंगापर्यंत कशी पोचते, एवढेच सांगायचे आहे.

थेरॅक-२५: नर्सने विसरू नये अशी गोष्ट

तपासणीविना कोड किती घातक ठरू शकतो, याचे उदाहरण आमच्याच क्षेत्रात आहे, आणि ते एआयच्या पुष्कळ आधीचे आहे. कॅनडाच्या एका सरकारी कंपनीने कर्करोगावर किरणांचे उपचार करणारे थेरॅक-२५ नावाचे यंत्र बनवले. अमेरिका आणि कॅनडात मिळून अशी ११ यंत्रे होती. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण बसले. त्यांतले काही त्या इजेने दगावले.

झाले असे होते. कंपनीच्या जुन्या यंत्रात किरण चुकीच्या वेळी सुटू नयेत म्हणून लोखंडी अडसरासारख्या वेगळ्या यांत्रिक सोयी होत्या. नव्या यंत्रात त्या काढल्या आणि ते काम प्रोग्रामवर सोपवले. प्रोग्रामचे काही भाग जुन्या यंत्रावरून घेतलेले होते. त्यांतल्या चुका जुन्या यंत्रात अडसरांनी झाकल्या होत्या. अडसर गेले आणि चुका उघड्या पडल्या. दुसऱ्या कोणी तो प्रोग्राम स्वतंत्रपणे नीट तपासलेला नव्हता.

१९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी तंत्रज्ञ बाईंनी चुकून पडलेले अक्षर चटकन दुरुस्त केले. पडद्यावर 'मालफंक्शन ५४' असे आले. त्याचा अर्थ हातातल्या पुस्तकात धड लिहिलेला नव्हता. असे संदेश रोजच येत, म्हणून त्यांनी पुढे जाण्याची कळ दाबली. आत रुग्ण भाजला. कंपनीचे म्हणणे, जास्त मात्रा जाणे शक्यच नाही. शेवटी त्या रुग्णालयातले भौतिकशास्त्रज्ञ आणि त्याच तंत्रज्ञ बाई यंत्रापुढे बसले, पुन्हा पुन्हा वेगाने अक्षरे टाकून पाहिली, आणि तो संदेश पुन्हा आणून दाखवला. कळा झपाट्याने दाबल्या तरच ती खोट वर येत होती. हळूहळू केलेल्या चाचणीत ती कधी दिसलीच नसती.

आज एआय जो कोड देते तोही जुन्या कामांच्या धाग्यांनी विणलेला असतो, आणि तो नव्या ठिकाणी लावला जातो. जुन्या ठिकाणी कोणते अडसर होते हे त्याला ठाऊक नसते. म्हणून नव्या ठिकाणी, नव्याने, दुसऱ्याच्या डोळ्यांनी तपासणे भाग आहे.

नियम आहेत, पाळणारे हवेत

हे कसे तपासायचे याचे नियम जगात तयार आहेत. ओवास्प नावाची एक ना-नफा संस्था २००१ पासून हेच काम करते. वेबसाईटमधल्या सर्वांत घातक दहा धोक्यांची यादी तिने २००३ मध्ये प्रथम काढली आणि वेळोवेळी ती सुधारली. पूर्वी 'माहितीच्या जागी हुकूम' हा धोका वर असे. २०२१ च्या यादीत आणि २०२५ च्याही यादीत पहिला क्रमांक आहे 'हक्क न पाहता दार उघडणे' याचा, म्हणजे आपण वर पाहिलेल्या दुसऱ्या खोटीचा. या संस्थेने तपासणीची एक सविस्तर नियमावलीही केली आहे. तिची पाचवी आवृत्ती मे २०२५ मध्ये निघाली. तिच्यात सुमारे ३५० अटी आहेत आणि कामाच्या जोखमीप्रमाणे तीन पायऱ्या आहेत. खानावळीच्या पदार्थांच्या यादीला वेगळी पायरी, रुग्णाच्या माहितीला वेगळी.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने सुरक्षित प्रोग्राम लिहिण्याची चौकट २०२२ मध्ये दिली, आणि जुलै २०२४ मध्ये एआयसाठी तिला पुरवणी जोडली. त्या पुरवणीत एक साधी, सोन्यासारखी गोष्ट आहे: माणसाने लिहिलेला आणि एआयने लिहिलेला कोड असा भेद तिने केलेला नाही, कारण वापरण्याआधी सगळाच कोड तपासायचा असतो, हे तिने धरूनच चालले आहे.

इस्रायलचा गोपनीयतेचा कायदाही कडक झाला आहे. त्यातली तेरावी दुरुस्ती १४ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली, आणि लोकांची माहिती निष्काळजीपणे ठेवणाऱ्यांना दंड करण्याचे अधिकार वाढले. "कोड यंत्राने लिहिला होता" ही सबब कायद्यापुढे चालण्यासारखी नाही. औषधाच्या तक्त्यावर सही नर्सची असते, कागद छापणाऱ्या छापखान्याची नसते.

आमच्या फोन-यादीचे काय झाले

आता थोडे घरचे. आम्ही काही जणी एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना रोज सकाळी फोन करतो. उचलला नाही तर कोणीतरी दारावर जाते. कोणी कोणाला फोन केला हे वहीत लिहायचो, पण वही एकीकडे आणि माणसे चार गावांत. आमच्यापैकी एकीचा नातू म्हणाला, "आजी, मी दोन दिवसांत वेबसाईट करून देतो." आणि खरेच दिली! मराठी, हिब्रू दोन्ही भाषांत, मोठ्या अक्षरांत, हिरवे बटण 'फोन झाला', लाल बटण 'उत्तर नाही'. सारा कोड एआयने लिहिलेला. पाहून डोळे निवले.

खरी नावे घालण्याआधी आम्ही म्हटले, बाळा, दुसऱ्या कोणाला दाखवू. नात्यातला एक मुलगा संगणक-सुरक्षेचे काम करतो, तो शुक्रवारी सकाळी येऊन बसला. खोटी नावे भरून त्याने पाहिले. पाच मिनिटांत पत्त्यातला क्रमांक बदलून दुसऱ्याचे पान उघडून दाखवले. नातवाने एआयला सांगितले, "हे दुरुस्त कर." लगेच दुरुस्त झाले. पुन्हा तपासले, तर क्रमांक पडद्यावरून नुसता लपवलेला, आणि माहिती जिथे साठवतात त्या सर्व्हरला थेट विचारले की तो अजून देतच होता! दाराला रंग लावला, कुलूप तसेच उघडे. मग दोघांनी बसून कोड ओळीने वाचला, हक्क पाहण्याचे काम सर्व्हरवर नेले, आणि तिसऱ्यांदा तपासले तेव्हा दार खरोखर बंद झाले होते.

नातू हिरमुसला नाही. तो म्हणाला, "आजी, एआयला 'दुरुस्त झालं का' विचारलं तर ते 'हो' म्हणतं. स्वतः दार ढकलून पाहावं लागतं." आम्हाला हे वाक्य एखाद्या सिस्टर ट्यूटरच्या तोंडी शोभेल असे वाटले.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी ठरली. यादीत औषधे आणि 'जादा किल्ली कोणाकडे' असे रकाने होते. सुरक्षावाल्या मुलाने विचारले, "फोन करायला हे लागतं का?" नाही लागत. मग ते रकाने काढून टाकले. किल्लीची माहिती आजही कागदावरच आहे, एका कपाटात. जी माहिती ठेवलीच नाही ती चोरीला जात नाही, हा सर्वांत स्वस्त सुरक्षा-नियम.

पाच प्रश्न

नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षी पाच गोष्टी घोकून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. त्याच धर्तीवर, आपल्या मंडळासाठी, संस्थेसाठी किंवा दुकानासाठी कोणी एआयकडून वेबसाईट करून दिली, तर हे पाच प्रश्न विचारा. विचारायला संगणक यावा लागत नाही.

१. कोणाची कोणती माहिती ठेवली आहे, आणि ती खरोखर लागते का?

२. एकाने दुसऱ्याची माहिती पाहू नये यासाठी काय केले आहे, आणि ते ढकलून पाहिले का?

३. ज्याने लिहिले त्याच्याखेरीज दुसऱ्या जाणत्या माणसाने कोड वाचला का? लिहिणारे यंत्र आणि तपासणारेही तेच यंत्र असेल, तर ती तपासणी पुरेशी नाही. इन्सुलिन भरणारी आणि ते पडताळणारी नर्स एकच नसते.

४. पासवर्ड आणि किल्ल्या कोडबाहेर ठेवल्या आहेत का? आणि बाहेरून जोडलेले भाग खरे आहेत याची खात्री केली का?

५. उद्या सगळे पुसले गेले तर दुसरी प्रत कुठे आहे? जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एआय मदतनिसाने, काही बदलू नकोस असे सांगितलेले असताना, एका उद्योजकाची चालू कामातली माहिती पुसून टाकली. त्यात बाराशेहून अधिक अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. वर, ती परत आणता येणार नाही असेही सांगितले. पुढे ती परत मिळाली. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली, आणि सरावाची माहिती व खरी माहिती वेगळी ठेवण्याची व्यवस्था केली. नवशिक्याला आपण संत्र्यावर सुई टोचायला शिकवतो, रुग्णावर नाही. तसेच हे.

यातल्या एकाही प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही, तर खरी नावे घालू नका. वही वापरा. वही कोणी दुरून उघडू शकत नाही.

मुलांनो, तुमच्यासाठी

एआय वापरू नका असे आम्ही म्हणत नाही. म्हटले तरी तुम्ही ऐकणार थोडेच! त्याने लिहिलेली ओळ तुम्हाला समजली नाही, तर त्यालाच विचारा, "ही ओळ काय करते? ही कोण फोडू शकेल?" समजेपर्यंत विचारा. ते कंटाळत नाही, रागावत नाही. समजली तरच ठेवा. मित्राला म्हणा, "माझी वेबसाईट मोडून दाखव." त्याने मोडली तर त्याचे आभार माना, कारण त्याच्याऐवजी परक्याने मोडली असती. मात्र दुसऱ्याची वेबसाईट विचारल्याशिवाय कधी मोडून पाहू नका. तो गुन्हा आहे.

आणि घरात आजी-आजोबांनी "हे कोणी तपासलं?" असे विचारले, तर हसू नका. त्यांना कोड कळत नसेल. पण ज्या यादीत नावे जायची आहेत ती त्यांची आहेत. विचारण्याचा हक्क त्यांचाच आहे, आणि उत्तर देणे हे तुमचे काम आहे.